क्रमांकाआधी वय छापा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या क्रीडा पुरवणीत अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलमधल्या, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खालच्या लीगमधल्या, होतकरू खेळाडूंची यादी वाचली. क्रमांक, नाव, संघ, गेल्या हंगामाची बॅटिंग सरासरी (हजार संधींत २६० यशस्वी फटके असतील तर .२६०), ‘मेजर लीगमध्ये कधी’ आणि वर ‘उद्याचे सुपरस्टार’ असे शीर्षक. मराठी पानावर बेसबॉलला एवढी जागा मिळते हे चांगलेच आहे. तक्रार नावांबद्दल नाही, रकान्यांबद्दल आहे. सर्वात आधी हवा होता तो वयाचा रकाना यादीत नव्हताच, आणि सर्वात कमी कामाची बॅटिंग सरासरी मात्र ठळक टाइपात होती.

आधी क्रमांकाविषयी. पहिला आणि दहावा यांच्यात दोन-तीन पायऱ्यांचे अंतर असू शकते. साठावा आणि शंभरावा यांच्यात मात्र बहुतेक वेळा काहीच फरक नसतो. यादी करणाऱ्याने सकाळऐवजी संध्याकाळी ती केली असती तर दोघांची अदलाबदल झाली असती. म्हणून तिकडचे जाणकार क्रमांकापेक्षा श्रेणी पाहतात. ही श्रेणी २० ते ८० या मापात देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू आणि पुढचे-मागचे दर १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन, सरासरीपासूनचे अंतर मोजण्याचे संख्याशास्त्रातले एकक. नुसत्या गणिताने पाहिले तर ६० च्या वर सहांतला एक जातो, ७० च्या वर चाळीस-पंचेचाळिसांतला एक, आणि ८० ची श्रेणी हजारात एखाद-दुसऱ्याला मिळते. आपल्या वाचकाला ५० म्हणजे काठावर पास वाटते. इथे ५० म्हणजे जगातल्या सर्वोच्च लीगमध्ये रोज मैदानात उतरणारा माणूस. ४० म्हणजे बाकावरचा राखीव, ६० म्हणजे ऑल-स्टार सामन्याच्या दारात उभा असलेला.

बॅटरच्या पाच गुणांना वेगवेगळी श्रेणी मिळते: चेंडूला बॅट लावणे, ताकद, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक. धावणे आणि फेक घड्याळावर मोजता येते. बॅटिंगच्या जागेपासून पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट उजव्या हाताच्या बॅटरने ४.३ सेकंदांच्या आसपास आणि डावखुऱ्याने ४.२ च्या आसपास कापले की ५०. डावखुरा बेसच्या बाजूला एक पाऊल जवळ उभा असतो, म्हणून हा दशांशाचा फरक. बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात पडेपर्यंत दोन सेकंद लागले तर तेही सरासरीच. गोची होते ती पहिल्या गुणात. चेंडूला बॅट लावण्याची श्रेणी घड्याळावर मोजता येत नाही आणि नेमकी तीच सर्वात जास्त चुकते. तिच्यासोबत, सरासरीवरून श्रेणी ठरवणाऱ्या जुन्या कोष्टकाची आणखी एक अडचण आहे. या कोष्टकात ५० श्रेणी म्हणजे साधारण .२६० सरासरी असे धरत. २०२४ मध्ये साऱ्या मेजर लीगची सरासरीच .२४३ होती. जुने कोष्टक डोक्यात ठेवून अहवाल वाचणारा चांगल्या मुलालाही नापास करतो.

अहवालात प्रत्येक गुणापुढे दोन आकडे असतात, आजचा आणि पुढचा. ‘३०/५५’ असे दिसले तर मधले २५ गुण ही उधारी आहे. ती फिटेल की बुडेल हा खरा अंदाज, आणि आपल्या यादीत तो कुठेच नव्हता.

आता वयाकडे येतो. २०२१ पासून मायनर लीगची मांडणी सुटसुटीत झाली आहे. मेजर लीगचे ३० संघ, प्रत्येकाचे चार संलग्न संघ, असे एकूण १२०. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली अ‍ॅरिझोना व फ्लोरिडातल्या प्रशिक्षण संकुलांतल्या लीग आणि डॉमिनिकन समर लीग. ढोबळ मानाने सिंगल-एमधला खेळाडू एकविशीचा, डबल-एमधला चोविशीचा, ट्रिपल-एमधला सव्वीस आणि पुढचा. मुलगा या सरासरीच्या दोन-तीन वर्षे मागे असेल आणि तरी टिकून असेल, तर त्याचा साधा दिसणारा हंगामही मोलाचा असतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने डबल-एमध्ये काढलेली .२६० ही पंचवीस वर्षांच्या माणसाने तिथेच काढलेल्या .३१० पेक्षा जास्त सांगते. पंचविशीतल्या माणसाने स्लायडर, म्हणजे आडवे वळणारे चेंडू, कॉलेजमध्ये आणि खालच्या लीगमध्ये शेकड्यांनी पाहिलेले असतात, शरीर भरलेले असते, आणि त्याच्या सुधारणेची वर्षे जवळपास सरलेली असतात. एकोणिशीतल्याची ती अजून शिल्लक असतात.

पुढे मेजर लीगचा तारा ठरलेला रोनाल्ड अकुन्या २०१७ मध्ये एकोणीस वर्षांचा होता. त्या एका हंगामात तो हाय-एमध्ये .२८७, डबल-एमध्ये .३२६ आणि ट्रिपल-एमध्ये .३४४ खेळला. गोलंदाजी कठीण होत गेली तशी सरासरी चढली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे, प्रमाण प्रत्येक पायरीवर उतरले. असे चित्र फार कमी वेळा दिसते. तसाच तारा ठरलेल्या हुआन सोटोने २०१८ चा हंगाम सिंगल-एच्या हेगर्सटाउनमध्ये सुरू केला, डबल-एमध्ये जेमतेम आठ सामने खेळला आणि २० मे रोजी वॉशिंग्टनच्या मुख्य संघात आला, तेव्हाही वय एकोणीसच. उलट बाजूचे उदाहरण आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहे. भालाफेकीतून बेसबॉलमध्ये आलेला पिचर (चेंडू टाकणारा) रिंकू सिंग २०१२ मध्ये सिंगल-एच्या वेस्ट व्हर्जिनिया संघासाठी ३९ सामने खेळला आणि त्याची अर्न्ड रन सरासरी (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा; कमी तितकी चांगली) ३.०० होती. इथल्या बातम्यांनी त्याला मेजर लीगच्या उंबरठ्यावर बसवले, तिकडच्या याद्यांनी मात्र त्याला स्थान दिले नाही. यात कसला आकस नव्हता. चोविशीतला पिचर एकविशीच्या पोरांना बाद करत होता आणि मध्ये अजून तीन पायऱ्या होत्या. भालाफेकीतून येऊन एवढे करणे हा पराक्रमच, पण पराक्रम आणि भाकीत हे दोन वेगळे हिशेब.

याच संदर्भात यादीसोबतच्या आपल्या लेखातले एक विधान दुरुस्त करायला हवे. ‘सर्वोत्तम होतकरू ट्रिपल-एमध्ये असतात, कारण ती शेवटची पायरी’ हे खरे नाही. ट्रिपल-एमध्ये मेजर लीगमधून खाली आलेले, दुखापतीतून सावरणारे आणि गरज पडली तर बोलावता येतील असे राखीव मोठ्या संख्येने असतात. खरी चाळणी लागते ती डबल-एमध्ये. तिथल्या पिचरला बॅटर पुढे असतानाही, म्हणजे बॉल (स्ट्राइक झोन या ठरलेल्या चौकटीबाहेरचे चेंडू) जास्त आणि स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजले जाणारे चेंडू) कमी असतानाही, स्लायडर किंवा चेंजअप (मुद्दाम संथ टाकलेला चेंडू) स्ट्राइकमध्ये टाकता येतो. खाली केवळ फास्टबॉलची वाट पाहून मारणारा बॅटर इथे उघडा पडतो.

वयानंतर मैदान. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधले अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे ५,१०० फुटांवर आहे, रीनो सुमारे ४,५०० फुटांवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल कमी वळतो, म्हणजे बॅटरला दुहेरी फायदा. फ्लोरिडातल्या दमट हवेत आणि मेजर लीगच्या सराव शिबिरांच्या मोठ्या मैदानांत नेमके उलटे. कॅलिफोर्निया लीगचे जुने आकडे तर हातचा राखूनच वाचावेत. ब्रँडन वूडने २००५ मध्ये तिथे रँचो कुकामोंगासाठी ४३ होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) मारले आणि होतकरूंची यादी छापणाऱ्या बेसबॉल अमेरिका या नियतकालिकाच्या २००६ च्या यादीत तो तिसरा आला. मेजर लीगमध्ये त्याची एकूण सरासरी .१८६ राहिली. मैदानाने फक्त ताकद फुगवली एवढेच नाही. त्या ताकदीच्या झगमगाटात हुकलेल्या चेंडूंकडे दुर्लक्ष झाले.

पिचरच्या बाबतीत हाच आरसा उलटा धरावा लागतो. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीने करायची वार्षिक निवड) ह्यूस्टनने पहिला निवडलेला मार्क अपेल २०१४ मध्ये त्याच लीगमधल्या लँकेस्टरला ९.७४ च्या सरासरीने अक्षरशः झोडपला गेला. लँकेस्टर म्हणजे वाळवंटातले वाऱ्याचे मैदान, पिचरची स्मशानभूमीच. त्याच वर्षी वरच्या पायरीवर, डबल-एमध्ये, त्याची सरासरी ३.६९ होती. दोनपैकी एकही आकडा एकटा वाचला तर फसवतो. शेवटी अपेलचे मेजर लीग पदार्पण जून २०२२ मध्ये, तिशीत झाले. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या क्रमांकावर, पुढे तारा ठरलेला बॅटर क्रिस ब्रायंट निवडला गेला होता. हंगाम वाचताना घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढले तर असा घोळ बराच टळतो. आता मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार सलग सहा सामने एकाच प्रतिस्पर्ध्याशी आणि एकाच मैदानावर होतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या तेजीमागे एखाद्या मैदानाचाच हात असण्याची शक्यता वाढली आहे.

नियम आणि चेंडू यांचीही नोंद ठेवावी लागते. २०१९ मध्ये ट्रिपल-एला मेजर लीगचा चेंडू दिला आणि होम रन एकदम उसळले. खालच्या लीगमध्ये चेंडू वेगळाच राहिला. २०२३ च्या पहिल्या टप्प्यात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये चिकट पकडीचा चेंडू वापरून पाहिला, स्ट्राइकआउट वाढले आणि टप्पा संपताच तो प्रयोग गुंडाळला. त्या तीन महिन्यांत चमकलेल्या पिचरचे आकडे आजही कुणी तसेच उद्धृत करतो तेव्हा हसू येते. त्याच वर्षी साऱ्या ट्रिपल-एमध्ये स्ट्राइक-बॉल ठरवायला यंत्र आले: मालिकेचे पहिले तीन सामने पूर्णपणे यंत्रावर, पुढचे तीन पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याच्या पद्धतीने. परिणामी वॉक (चार बॉल पडल्यावर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) वाढले. त्या हंगामात एखाद्या बॅटरचा वॉकचा आकडा सुधारला असेल तर शाबासकी देण्याआधी साऱ्या लीगचा आकडा किती सुधारला ते पाहावे.

मग कोणता आकडा धरावा? जो लवकर स्थिरावतो तो. बॅटरचे स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर, वॉकचे १२० वेळांनंतर निम्मे भरवशाचे होते, म्हणजे निम्मा भाग कौशल्याचा आणि निम्मा योगायोगाचा. मैदानात खेळलेल्या चेंडूंवर (होम रन आणि स्ट्राइकआउट वगळून) मिळणारी सरासरी तेवढीच भरवशाची व्हायला आठशेच्या आसपास चेंडू लागतात, आणि मायनर लीगच्या भरगच्च हंगामातही एका बॅटरचे साडेतीनशे-चारशेच होतात. म्हणजे बॅटिंग सरासरी ज्यावर उभी असते तो पाया एका हंगामात धड वाळतही नाही. मैदानातल्या चेंडूंवर मेजर लीगमध्ये साधारण .२९० ते .३०० मिळते. एखाद्याची सरासरी .३३० आणि मैदानातल्या चेंडूंवरची .४०० दिसली तर पुढच्या वर्षीची घसरण आजच लिहून ठेवावी. वेगवान डावखुऱ्याला काही जास्त मिळते हे खरे, पण .४०० टिकत नाही.

फ्लोरिडातल्या सिंगल-ए लीगची २०२१ पासून आणि सगळ्या ट्रिपल-एची २०२३ पासून स्टॅटकास्ट यंत्रणेची मोजमापे लोकांसाठी खुली आहेत. त्यात बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग, स्ट्राइक झोनमधल्या चेंडूला बॅट लागण्याचे प्रमाण आणि झोनबाहेरच्या चेंडूमागे धावण्याचे प्रमाण हे तीनच पाहिले तरी पुष्कळ कळते. ताशी ९५ मैलांच्या वर गेलेला फटका जोरदार मानतात. जोर आहे पण झोनमधलाच चेंडू हुकतो, अशा बॅटरविषयी सावध राहावे. डबल-एमध्ये ३० टक्क्यांच्या वर स्ट्राइकआउट असणारा वर गेल्यावर सुधारेल असे मानायला वेगळे ठोस कारण हवे. जोर कमी पण डोळा चांगला, अशांपैकी काहींना पुढे ताकद येते. चुकीचा चेंडू सोडण्याची सवय मात्र क्वचितच येते.

बॅटिंगचा आकडा क्षेत्ररक्षणाच्या जागेशिवाय वाचू नये. जे आकडे शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) किंवा सेंटर फील्डला (दूरच्या मैदानाचा मध्य), म्हणजे अवघड जागी, ५५ श्रेणीचे ठरतात, तेच पहिल्या बेसवरच्या खेळाडूला ४० वर आणतात, कारण तिथे बॅट सोडून दुसरे काही विकायला नसते. सतरा-अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप अंगाने भरला की तिसऱ्या बेसवर किंवा कोपऱ्यातल्या फील्डमध्ये सरकतो. हे सरकणे यादी करतानाच गृहीत धरायला हवे.

पिचरची यादी बॅटरमध्ये मिसळू नये असे माझे मत आहे. निदान सारख्याच श्रेणीच्या पिचरला बॅटरच्या खाली ठेवावे. कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की बारा ते अठरा महिने जातात, आणि ती कुणावर कधी येईल ते सांगणारे माप अजून कुणाकडे नाही. बेसबॉल अमेरिकाच्या २०१२ च्या यादीत बॅटर ब्राइस हार्पर पहिला, पिचर मॅट मूर दुसरा आणि पुढे महान बॅटर ठरलेला माइक ट्राउट तिसरा होता. मूरला वर ठेवणारे वेडे नव्हते. २०१४ मध्ये त्याच्या कोपराने दगा दिला. त्याआधीची उदाहरणे अधिक क्लेशकारक आहेत. १९९१ च्या यादीतला पहिला, पिचर टॉड व्हॅन पॉपेल, कारकीर्दीत ४० जिंकून ५२ हरला. १९९२ च्या यादीतला पहिला, पिचर ब्रायन टेलर, याला यांकीजनी १५ लाख ५० हजार डॉलरचा बोनस दिला होता. डिसेंबर १९९३ मध्ये मारामारीत त्याचा फेकीचा खांदा निकामी झाला आणि तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. पिचरकडे पाहताना वेगाचा मोह आवरून तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रकारचा चेंडू आहे का? नसेल तर तो शेवटच्या एक-दोन डावांपुरता वापरला जाईल. स्ट्राइकआउटमधून वॉक वजा केल्यावर किती टक्के उरतात? आणि एका हंगामात आजवर सर्वाधिक किती इनिंग्ज टाकल्या आहेत? सिंगल-एमध्ये नुसत्या चांगल्या चेंजअपवर पोरे बाद होतात, म्हणून तिथल्या पिचरची अर्न्ड रन सरासरी मी तरी शेवटी वाचतो.

पुढे तारे होणाऱ्यांपैकी कुणाला याद्या गाळतात तेही ठरावीक आहे. बुटका, उशिरा वळलेला, कॉलेजमधून आलेला, ड्राफ्टच्या मागच्या फेरीतला. पाच फूट सहा इंचांचा होसे अल्तुवे १५ हजार डॉलरवर करारबद्ध झाला आणि बेसबॉल अमेरिकाच्या पहिल्या शंभरांत कधीच आला नाही. आठव्या फेरीतला पॉल गोल्डश्मिट नाही, नवव्या फेरीतला पिचर जेकब डिग्रॉमही नाही. डिग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि पदार्पणाला पंचविशी उलटली. वयाची कसोटी लावली तर तो आजही गळेल. म्हणून कसोटी टाकून द्यायची नसते, पण उशिरा पिचिंगकडे वळलेल्याचे वय हातात किती इनिंग्ज खर्ची पडल्या यावरून मोजावे. एक सावधगिरी मात्र हवी. १९८८ च्या ६२ व्या फेरीतला माइक पियाझा थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, हे उदाहरण आता आशेपोटी देऊ नये. ड्राफ्ट २०२१ पासून २० फेऱ्यांचा झाला आहे आणि २०२४ पासून संघाला देशांतर्गत फक्त १६५ खेळाडू ठेवता येतात, आधी १८० होते. ६२ वी फेरी उरलेलीच नाही.

शेवटचा रकाना ‘मेजर लीगमध्ये कधी’ हा होता. ती तारीख गुणवत्तेइतकीच कागदपत्रांवर ठरते. अठरा किंवा त्याखालच्या वयात करार झालेल्याला पाच हंगामांनंतर आणि एकोणीस किंवा पुढच्या वयात झालेल्याला चार हंगामांनंतर संघाच्या राखून ठेवलेल्या ४० जणांच्या यादीत घ्यावे लागते, नाहीतर रूल-५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर भरून उचलू शकतो. मेजर लीगमधल्या सेवेचे १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि ठरावीक वर्षे भरली की खेळाडू संघातून मोकळा होतो; शिकागोने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला अशा तारखेला बोलावले की त्याचे १७१ भरले. हे रोखण्यासाठी खेळाडू संघटनेशी झालेल्या २०२२ च्या करारात उलटे आमिष ठेवले आहे. बेसबॉल अमेरिका, ईएसपीएन आणि एमएलबी पाइपलाइन यांपैकी दोघांच्या पहिल्या शंभरांत असलेल्या नवख्याला पूर्ण वर्ष खेळवले आणि तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, तर संघाला ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीनंतर जादा निवड मिळते. म्हणजे पत्रकारांनी केलेली यादीच आता करारातले एक कलम झाली आहे, आणि ९५ वा की १०५ वा या क्षुल्लक फरकाला संघांच्या लेखी किंमत आली आहे.

तेव्हा पुढच्या यादीसाठी विनंती. प्रत्येक नावापुढे एप्रिलमधले वय, लीगची पायरी आणि त्या पायरीचे सरासरी वय, खेळण्याची जागा, स्ट्राइकआउट व वॉकचे टक्के, आजची आणि पुढची श्रेणी, आणि धोका कमी-मध्यम-जास्त यांपैकी एका शब्दात द्यावा. बॅटर आणि पिचर वेगळे छापावेत. शेजारी पाच वर्षांपूर्वीची यादी आणि त्यातल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले तेही द्यावे. जागा कमी पडत असेल तर बॅटिंग सरासरीचा रकाना काढला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक